डावीकडची चार बोटं

प्रिय अरिबा,

तुझे सतरा फोन येऊन गेले. सतरा! अब्बा गेले तेव्हा एक आला होता, आणि तोही स्पीकरवर टाकून तू मधेच कुणाला तरी चहा सांगत होतीस. म्हणून म्हटलं, फोन नको, कागदच बरा. हा कागद जपून ठेव. कशासाठी ते शेवटी सांगते.

आपण मावसबहिणी, एका वाटीतला शिरखुर्मा खाल्लेल्या, तेव्हा आडपडदा कशाला? ‘घरधनीण’च्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मी मुद्दाम बिघडवलं. चुकून नाही, घाईत नाही. चांगले तीन दिवस घेतले त्याला.

सातारा स्टँडवरचा अब्बांचा पुस्तकांचा स्टॉल आठवतो का तुला? तू सुट्टीत यायचीस आणि मागं गठ्ठ्यांवर बसून पेपरमिंट चघळायचीस. मी पुढं अब्बांच्या शेजारी उभी असायचे. जागा एवढीशी, म्हणून ते मासिकं दोरीवर चिमटे लावून टांगायचे, एकावर एक सरकवून. त्यामुळं प्रत्येक अंकाची दिसायची ती फक्त डावीकडची चार बोटं. बाकीचं चित्र शेजारच्या अंकाखाली झाकलेलं. समोर वडूजची गाडी लागायची, दहा मिनिटं थांबायची. माहेरी निघालेली एखादी बाई मांडीवर लेकरू घेऊन खिडकीतून बघायची, ते त्या चार बोटांकडं. अब्बा म्हणायचे, “पोरी, बाई काय आख्खं चित्र बघाया खाली उतरत न्हाई. त्या चार बोटांत तिला तिचं घर दिसलं तरच उतरती.” शाळेतून आल्यावर मी हेच बघत उभी राहायचे, कोण उतरली आणि कशासाठी उतरली.

‘घरधनीण’ची मुखपृष्ठं मी त्या खिडकीसाठीच केली. जूनमध्ये डाव्या कडेला पोराचा उघडा डबा, त्यात चपाती आणि बटाट्याची भाजी, कारण पिझ्झा बघून माण तालुक्यातली बाई गाडीतून उतरत नाही. संक्रांतीला हिरव्या बांगड्यांचा हात आणि हातात तिळाची वडी. बाई निवडायची ती सावळी, आपल्या जावेसारखी दिसणारी. मालक नाथाजीरावांना नट्यांचे फोटो हवे असायचे, पण खप वाढायला लागल्यावर त्यांनी तो विषय सोडला. तू सांगलीत त्यांच्या ऑफिसात, मी साताऱ्यात अब्बांचा दमा सांभाळत घरच्या कॉम्प्युटरवर. मालक घरबसल्या काम करणाऱ्या बायकांना विचारत नाहीत, असं तूच म्हणालीस. आत्ता माझं नाव छापू दे, वर्षभरात तुझं घालून घेते, असंही तूच म्हणालीस. पाच वर्षं झाली गं. साठ अंक झाले. आतल्या पानावर साठही वेळा ‘मुखपृष्ठ : अरिबा’.

तरी मी गप्प होते. मग तुला त्या मुखपृष्ठांसाठी पुरस्कार मिळाला. स्टेजवरून तुझंच नाव सांगणार आहे, अब्बांनाही घेऊन ये, म्हणालीस. अब्बांनी ईदचा पांढरा कुर्ता काढला, दोनदा इस्त्री करून घेतला, आणि खिशात दम्याचा पंप ठेवून माझ्याबरोबर सांगलीला आले. तिसऱ्या रांगेत बसलो होतो आम्ही. तू माईक धरलास आणि म्हणालीस, वाचक बाई आख्खं चित्र बघत नाही, चार बोटं बघते, हे मी खूप निरीक्षणातून शिकले. निरीक्षणातून! अगं, पेपरमिंट खात होतीस तू! तुझ्या अम्मीनं, अख्तरबी खालानं, पदर डोळ्यांना लावला. अब्बांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाची मात्र लाही लाही झाली.

परतीच्या एस्टीत कराड आलं तसा अब्बांनी पंप ओढला. मग म्हणाले, “चार बोटं म्हणाली, पर कुठल्या बाजूची ते न्हाई म्हणाली. तिला ठावंच न्हाई.” आणि हसले. दोन महिन्यांनी ते गेले. माझ्या नावाचं एक वेळ मी सोडून दिलं असतं, अरिबा. पण माझं नाव ऐकायला इस्त्री केलेला तो कुर्ता मी सोडणार नाही.

म्हणून दिवाळीला सगळं उजवीकडं नेलं. हसरी बाई, करंज्यांचं ताट, आकाशकंदील, सगळं उजवीकडं. डावीकडं नुसती जांभळी भिंत. कॉम्प्युटरवर झकास दिसत होतं. तुझा लगेच फोन आला, “लय भारी झालंय गं!” मी वाट बघत होते, आता तरी विचारशील, डावी बाजू रिकामी का ठेवलीस? एवढं विचारलं असतंस तर खुदा कसम बदलून दिलं असतं. तू विचारलं नाहीस.

अब्बांचा स्टॉल आता बिराप्पा चालवतो. दिवाळीच्या आठवडाभर आधी मी तिथं जाऊन उभी राहिले. दोरीवर आपला अंक म्हणजे दोन अंकांमधली जांभळी पट्टी. वडूजची गाडी लागली. बायकांची नजर यायची आणि पट्टीवरून पुढं जायची. एकजण खाली उतरून विचारायला लागली, “दादा, औंदा घरधनीण आला न्हाई व्हय?” तिच्या नाकासमोर टांगला होता! खोटं कशाला सांगू, लय बरं वाटलं मला. मेढा, वडूज, दहिवडीचे गठ्ठे तसेच परत आलेले तू बघितलेच असशील.

खाला काल अम्मीकडं रडत होती. नाथाजीराव तुला काढायला निघालेत आणि संक्रांतीचं मुखपृष्ठ त्यांच्यासमोर बसून कर म्हणालेत, हे तिच्याकडूनच कळलं. ते तुला जमायचं नाही, म्हणून सतरा फोन. माझ्याकडून आता एक रेघसुद्धा मिळणार नाही. पण तुझी सुटका मी या पाकिटात घालून पाठवतेय. मुबश्शिरानं दगा दिला, असं तू नुसतं तोंडानं सांगितलंस तर अंकात तुझंच नाव बघून ते विश्वास ठेवणार नाहीत. म्हणून हा कागद, माझ्या हातचा, माझ्या सहीचा. जा, ठेव त्यांच्या टेबलावर. फक्त, हे एक मुखपृष्ठ माझं म्हणून दाखवलंस की आधीची साठही माझीच निघतात. आणि कागद फाडून टाकलास, तर ती जांभळी भिंत तुझी.

तुझीच,
मुबश्शिरा लियाकत बागवान
(नाव पूर्ण लिहिलंय, त्यांना विचारावं लागायला नको.)