मिटलेल्या डोळ्यांचा पक्षी

१४ ऑक्टोबर, बुधवार

चि. चिमणे,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो आणि मी त्याच्या मागून. काम बेताचंच, हल्ली लोकांना सकाळी सांगितलेली पाटी दुपारी हवी असते. आत्या डबा देऊन जाते, वर दोन शब्द सुनावूनही जाते. हे पत्र तिच्याच हाती पाठवतोय. टपालाचा धीर झाला नाही.

काल दुकानात एक बाई आल्या. नीटनेटक्या, बोलायला गोड. मोबाइलवर एक फोटो दाखवला. नुसती दाराची फळी आणि तिच्यावर एका बेकरीचं नाव, गावोगावी असतं तसलंच.

"काका, ही अक्षरांची कुठली तऱ्हा? कुणालाच सांगता येईना."

मला काय, चेव चढला. म्हटलं, "हे केल्टिक वळण. अक्षरं गोल पोटाची, आणि शेपटांचा गोफ बघा, एकदा वरून, एकदा खालून, सुटं टोक कुठेच नाही. आयर्लंडच्या जुन्या हस्तलिखितांत असतं हे. पण इथे पुस्तकातून उतरवलेलं नाही. हाताला मुरलंय."

"कुणाच्या?"

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शेवटच्या अक्षराचं शेपूट मान वळवून पक्षी झालं होतं, आणि त्या पक्ष्याचे डोळे मिटलेले. पुस्तकातले पक्षी डोळे वटारून असतात. मिटलेले फक्त तू काढतेस, शाळेत होतीस तेव्हापासून. "दमलेत ते, बाबा, झोपू दे," म्हणायचीस.

काचेतून बाहेर पाहिलं. समोर गाडी, आणि गाडीत जावईबापू.

आधी लिहायचं नव्हतं, पण लिहायलाच हवं. तो तुला शोधतोय. फोटो कुठला ते त्याला ठाऊक नाही, म्हणून या बाईंना पुढे केलं.

"माझ्याच हाताला," मी म्हणालो. "ही पाटी मीच रंगवली."

"मग मघाशी परक्यासारखं काय बोलत होतात?"

"म्हाताऱ्याला स्वतःचं कौतुक करायला निमित्त लागतं."

त्या हसल्या. "काढून दाखवा की मग."

माझा हात तुला माहीत आहे. चहा पिताना कप बशीवर वाजत असतो. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि ब्रश टेकवला. गोफ कसाबसा जमला. पक्ष्याची मान वळली. डोळ्याशी आलो आणि श्वास रोखून धरला. एक रेघ, चिमणे, नखाएवढी. थोडी हलली, पण बसली.

बाईंनी फोटो काढला आणि गेल्या. मग तो स्वतः आत आला. तुझ्या भुवईवर ज्याची खूण आहे तोच हात त्याने टेबलावर ठेवला आणि ओलं अक्षर बराच वेळ बघत राहिला.

"ही पाटी कुठे दिलीत?"

तुझ्या अगदी उलट दिशेचं एक बंदर सांगितलं. जीभ कशी वळली देव जाणे.

"जाऊन बघतो," तो म्हणाला. दाराशी थांबला. "तिथे नसली, तर परत तुमच्याकडेच येईन, बाबा."

आवाज चढवला नाही. त्याचीच भीती वाटते.

तेव्हा आता ऐक. ती फळी आजच पुसून टाक, वर साधी अक्षरं काढ. बेकरीवाल्यांना सगळं खरं सांग. वकीलबाईंशी बोललोय, त्यांचा निरोप आत्या तोंडी सांगेल, तसंच कर. राहती जागा सोड. मी तुझ्याकडे येणार नाही. माझ्या मागोमाग तो येईल.

जिन्यावर पाऊल वाजलं की पेन थांबतं. आत्ताही थांबलं होतं. वरचे भाडेकरू निघाले.

दुकान रोजच्यासारखं उघडतोय. बंद दिसलं तर त्याला कळेल. उत्तर पाठवू नकोस. तू तिथून निघालीस एवढंच आत्याने येऊन सांगावं.

घाबरलेला, पण दाराशीच बसलेला,
तुझा बाबा