बाजारात बुडालेली बोट-कंपनी

पिंपरी, ६ डिसेंबर १९५६

सौ. मंजुळेस सोनबाचे अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. कारखान्याच्या फाटकावर आता पहारेकऱ्यांना शेगडी मिळते. तुझे गुडघे कसे आहेत?

गावात कोणी सांगण्याआधी मीच लिहितो. आपला भिमा ज्या विलायती कंपनीच्या बोटीवर खलाशी आहे, ती कंपनी बुडाल्याचे पेपरात आले. वाचून मी फाटकातच मटकन बसलो.

आमचे कारकून दातेराव धावत आले. म्हणाले, "अहो मामा, कंपनी पाण्यात नाही, बाजारात बुडाली! लंडनात तिच्या शेअरचा भाव कोसळला, म्हणून मुंबईतले शेठजीही डोके धरून बसलेत. तुमचा पोरगा कोरडा आहे!"

सगळे हसले. मीही हसलो.

पण बुडालेल्या कंपनीची बोट पोरांना माघारी आणते, की परक्या बंदरातच सोडते, हे विचारायचा धीर झाला नाही. उद्या विचारतो. भिमाचे पत्र आले तर त्यावरचे तिकीट कुठल्या देशाचे आहे, ते मास्तरांकडून वाचून घे आणि मला कळव.

तू रडू नकोस. त्याच्यासाठी उपास धरला असशील तर सोड. मी धरला आहे, तेवढा पुरे.

तुझा,
सोनबा