वालातलं हॅम

आई, तुझा नातू रिसॉर्टच्या किचनात कामाला आहे. परवा त्याने तिथून शिजवलेल्या हॅमचा, डुकराच्या मांडीचा, हा भलामोठा तुकडा आणला आणि तेव्हापासून तू घरातून हलायला तयार नाहीस. खोपोलीतला हा फ्लॅट तू कधी पाहिला नाहीस, आम्ही इथे यायच्या आधीच गेलीस. तरी गॅसपाशी उभी राहिले की पाठीमागे तुझ्या बांगड्या वाजतात. वळून बघते तर कोणी नसतं. पोरगा म्हणाला, "पार्टीत उरलं गं, फेकूनच देणार होते." मी तुकडा फ्रिजमध्ये ठेवला. माझ्या आजोबांनी घेतलेली शपथ त्याला कुठून माहीत असणार?

माझ्या लहानपणीचा तो नाताळचा आठवडा डोळ्यांसमोरून जात नाही. कुंभिवली गावामागच्या बंगल्यावर तू स्वयंपाकाला जायचीस. पाहुणे मुंबईला परतले होते आणि टेबलावर डुकराची अर्धी मांडी तशीच पडली होती. तू मोरीत बसून पाहुण्यांचे काटे टोचलेल्या, खाल्लेल्या कडा सुरीने तासून काढल्यास आणि उरलेला गोळा फडक्यात बांधलास. मी शेजारीच उभी होते. घरी आजोबा पडवीत बसलेले. त्यांच्या आईने दारोदार फिरून आणलेल्या शिळ्या तुकड्यांवर ते वाढले होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच त्यांनी शपथ घेतली होती, दुसऱ्याच्या ताटातलं या उंबऱ्याच्या आत येणार नाही. फडकं बघताच त्यांनी काठी आडवी धरली.

"कुनाचं उष्टं हाय का गं ह्ये?"

"नाय ओ. पाव्हनं बसायच्या आधीच कापून घेतलंय. बाईंनीच दिलं."

माझ्याकडे तू बघितलंही नाहीस. आजोबांनी काठी बाजूला घेतली.

मग ते संपवायला तू काय काय केलंस! पहिल्या दिवशी सोललेल्या वालात मोठे तुकडे. मग तव्यावर कांदा-मिरची घालून पातळ काप, त्याच्या चरबीत परतलेला शिळा भात, शेवटी हाडूक मसुरीत टाकून उकळलेलं कालवण. थंडीचे दिवस होते, शिंक्यावर ते टिकलं. आजोबा बोटं चाटून जेवत. फक्त पहिल्या दिवशीचे वाल तोंडात धरवेनात इतके खारट झाले होते. हॅम मुळात खारवलेलं असतं आणि तू वर नेहमीसारखं मीठ घातलंस. "हात जड पडला," तू म्हणालीस. एरवी तळहातावर पळी ओतून चाखल्याशिवाय तू साधं वरणही उतरवायची नाहीस. दुसऱ्या दिवसापासून मात्र पळी माझ्या तळहातावर यायला लागली. "मीठ बघ गं जरा." आणि तुझ्या ताटात रोज भाकरी न् ठेचा. "माझं झालंय तिकडंच खाऊन," म्हणायचीस. मी दिवसभर तुझ्याबरोबरच असायचे, आई. तू तिकडे पाण्याशिवाय काही घेत नव्हतीस.

मला वाटायचं, तुला डुक्कर आवडत नसेल. तू गेल्यावरही कितीतरी वर्षं मी तेच धरून बसले. काल वाल सोलता सोलता उलगडा झाला आणि मला तुझा भयंकर राग आला. आम्हाला खाऊ घातलंस, म्हाताऱ्याला फसवलंस आणि त्याची शपथ मात्र एकटीने पाळलीस. मग रडूही आलं. घरात दुसरं काय होतं तेव्हा?

आज त्याच वालात मी हे हॅम टाकलं. पोराला सगळं सांगावं असं तोंडापर्यंत येतंय. पण त्याने किती कौतुकाने आणलंय, ते बघितलं की गिळून टाकते. वाल शिजत आले तेव्हा सवयीने पळी तळहातावर धरली. रस्सा पडायच्या आत हात मागे आला. तो हात माझा वाटलाच नाही. तू इतकी जवळ उभी होतीस की मानेवर श्वास लागत होता. मी न चाखताच अंदाजाने मीठ घातलं आणि ताट वाढलं.

"आई, केवढं खारट झालंय गं!"

"हात जड पडला रं."

"तू बस ना जेवायला."

"माझं झालंय," मी म्हटलं. आई, सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.