दोन बोटं केस

गुरुवार, सातारा. संध्याकाळ.

आज लॅबमध्ये मॅडमनी दारूच्या तपासण्या समजावून सांगितल्या. अजून डोक्यातून जात नाही. फुंकायचं मशीन काही तासांपुरतंच सांगतं. रक्त फार तर दिवसभराचं. लघवी तीन-चार दिवसांचं. आणि केस? कैक महिन्यांचं! महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो म्हणे, आणि प्यायलेल्या दारूची खूण आत धरून ठेवतो. एवढासा केस तो!

ह्यांच्या कंपनीच्या गेटवर रोज सकाळी मशीनमध्ये शून्य येतं. तरी माझी धाकधूक जात नव्हती. सकाळचं शून्य आदल्या संध्याकाळचं काय सांगणार? सासूबाईंचं मात्र ठरलेलं. "मला न्हाई मशीन लागत. दारात चपला जोडीनं काढल्या की वळखायचं, शुद्धीत हाय."

घरी आले तर नजर ह्यांच्या केसांवरच. दोन बोटं वाढलेत. चार महिन्यांपूर्वी मामंजींच्या दहाव्याला नदीवर मुंडण केलं, तिथंच ह्यांनी दारू सोडायची शपथ घेतली. म्हणजे डोक्यावरचा केसन् केस शपथेनंतरचा! अंगावर काटाच आला.

ह्यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, चिडतील. तर त्या दिवशी न्हाव्यापुढं बसले होते तसे मान खाली घालून माझ्यापुढं बसले. म्हणाले, "घे की कापून. लागत्याल तेवढं घे."

कात्री काढलीसुद्धा होती. पण नुसता हात फिरवला.

वाढू देत.