मंगळवारच्या थैलीत न गेलेलं पुस्तक

ॲडलेड, १९ नोव्हेंबर

प्रिय वूला,

तू मजेत असशील असं लिहायचा रिवाज आहे, पण तू मजेत नाहीस हे मला माहीत आहे. इकडे सगळे बरे. ऊन तापायला लागलंय, जॅकरँडाची फुलं चपलांना चिकटून घरात येतात म्हणून आई माझ्यावर ओरडते. तुझी चौकशी करते. मी काहीतरी सांगतो.

तुझा मेसेज पोचला. 'तू तरी धडपडलास, लायब्ररीवाल्यांनी माझं वर्ष बुडवलं.' त्याला उत्तर द्यायला चार दिवस लागले. फोनवर मी भांडायला लागतो, म्हणून पत्र.

आधी नियमाचं सांगतो. तुला हवं होतं प्रसूतीच्या त्या जुन्या पुस्तकातलं अकरावं प्रकरण. पुस्तकाची छपाई बंद, आमच्या लायब्ररीत एकच प्रत. त्यातलं चौथं प्रकरण फिजिओथेरपीच्या वर्गासाठी आधीच ऑनलाइन लावलेलं होतं. आमच्या कॉपीराइट परवान्यात एका पुस्तकाचा एका वेळी एकच भाग लावता येतो, सगळ्या विद्यापीठात मिळून. तुझं पोर्ट लिंकन इथून साडेसहाशे किलोमीटरवर असलं तरी विद्यापीठ तेच. प्रकाशकाकडे वेगळी परवानगी मागून तीन आठवडे झाले होते, उत्तर नव्हतं. मी आमच्या लायब्ररीप्रमुख ग्लेनिसबाईंवर चिडलो. म्हटलं, पोरगी नापास झाली तर तुमचा परवाना तिची बाळंतपणं करणार आहे का? त्या शांतपणे म्हणाल्या की माझ्यासारख्यांमुळेच वकिलांची घरं चालतात.

मंगळवारी संध्याकाळी मी अकरावं प्रकरण गुपचूप लावलं. तुला कळवलं. तू वॉर्डातून लिहिलंस, 'उद्या ड्यूटी संपली की वाचते. जीव वाचवलास.' त्या शेवटच्या दोन शब्दांवर मी रात्रभर हवेत होतो. बुधवारी माझी सुट्टी. त्या दुपारी बाईंनी यादी तपासली आणि प्रकरण काढून टाकलं.

इथवर तुला ठाऊक आहे. इथेच थांबलो तर मी चांगला माणूस ठरतो.

वूला, बाईंनी तुझी सोय केली होती. सोमवारीच त्यांनी ते पुस्तक माझ्या हातात दिलं होतं. म्हणाल्या, "कायदा मी केलेला नाही, ब्रोडी. पण पुस्तक पाठवायला कोण अडवतंय? उद्याच्या व्हॅनच्या थैलीत टाक, बुधवारी सकाळी तिच्या हातात पडेल." हे मी तुला सांगितलंच नाही. थैलीच्या वहीत 'पाठवलं' अशी खूण केली आणि पुस्तक माझ्या गाडीत ठेवलं.

शनिवारी स्वतः घेऊन येणार होतो. मी चिडून कॉलेज सोडलं तेव्हा तू म्हणालीस की राग शांत झाल्यावर ये. माझा राग शांत झालेला नव्हता, पण हातात पुस्तक असलं तर तू दार लावून घेणार नाहीस असं वाटलं. आणि त्या ट्यूना मासेमारीच्या बोटीवरच्या जॅरडचे बूट तुझ्या दारात असतात का, हेही बघायचं होतं. परीक्षेपुरतं ऑनलाइन पुरेल, असा हिशेब केला.

गुरुवारी आठला कामावर आलो तर प्रकरण गायब. दहाला तुझा पेपर. तुझा फोन बंद. मी बाईंवर धावून गेलो आणि भांडता भांडता पुस्तकाचं बोलून बसलो. त्या खुर्चीत बसल्या. "तिच्याकडे पुस्तक आहे, या भरवशावर मी ते काढलं रे."

त्यानंतर मला कोणी रागावलेलं नाही.

परीक्षा विभागात गेलो. फेरपरीक्षा आजारपणाला किंवा घरातल्या मृत्यूला मिळते, मित्राच्या मूर्खपणाला नाही, असं तिथली बाई जवळजवळ हसत म्हणाली. मी टेबलावर हात आपटला. पहारेकऱ्याने दंडाला धरून बाहेर काढलं. एवढंच माझ्या हातून झालं.

प्रकरण काढल्याबद्दल तुमच्या वर्गाने केलेल्या तक्रारीत ग्लेनिसबाईंचं नाव आहे. खाली पहिली सही तुझी. उद्या त्यांना चौकशी समितीपुढे बसायचंय आणि माझं नाव त्या घेणार नाहीत, 'तुझं तू सांग' एवढंच म्हणतात. मी आज सकाळी लायब्ररीच्या साहेबांना सगळं लिहून दिलं. नोकरी गेली. त्याने तुझं वर्ष परत येत नाही, तुझी पुढच्या वर्षीची हॉस्पिटलमधली जागाही नाही. मी सगळीकडे विचारलं, वूला. कुठेच काही होत नाही.

तेवढी तुझी सही मागे घे. माझ्यासाठी नको.

तुझ्या उत्तराची वाट बघणार नाही असं लिहून दोनदा खोडलं. खोटं आणखी किती लिहू.

तुझं वर्ष ज्याने बुडवलं तो,
ब्रोडी