पाण्याची चावी जमिनीवर

॥ कानबाई माता प्रसन्न ॥

शुक्रवारी, १ ऑगस्टला सकाळी वरल्या गल्लीचे पाणी बंद करून मी घरी आलो, हातपाय धुतले आणि श्रावणातल्या कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, काढलेल्या गव्हात सव्वा मूठ गहू जास्तीचे टाकले. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ घेतात. घरात पुरुष मी एकटाच आहे. ही दुसरी मूठ कोणाची, हे बायकोने विचारले नाही. त्या सकाळी मी आणखी एक काम केले, ते शेवटच्या कलमात लिहिले आहे. ते केल्यावाचून हा कागद लिहिता आला नसता.

मी, निंबा उखर्डू महाजन, वय ४९, राहणार बोरपिंपळे, तालुका पारोळा, जिल्हा जळगाव, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, काम ग्रामपंचायतीचे पाणी सोडणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहून ठेवतो. येत्या गुरुवारी धुळ्याला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेलो नाही. पण गावाला जायच्या आधी माणूस कोणते व्हॉल्व्ह उघडे राहिले ते पाहून घेतो, तेवढेच हे आहे.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व मागचा मोरीसकटचा वाडगा (अंगण), माझी पत्नी बेबाबाई हिचा. तिच्यामागे मुलगी योगिता, राहणार धुळे, हिचा. उत्तरेच्या भिंतीला ओल येते. भिंत पाडायची गरज नाही, शेजारच्या पन्हाळीचे तोंड फिरवले की पुरे. शेजाऱ्याशी त्यावरून बोलायचे झाल्यास सकाळी बोलू नये, त्यांना सकाळी दात दुखतो.

कलम २. बँकेत व पोस्टात जे असेल ते बेबाबाईचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे.

कलम ३. सायकल योगिताची. ती धुळ्याला नेईपर्यंत खालच्या गल्लीतल्या धनसिंग आबांना देऊ नये. २००९ साली त्यांनी ती बाजाराला नेली आणि पुढचे चाक वाकडे करून आणली. विचारले तर म्हणाले, रस्ताच वाकडा होता. मी तेव्हा काही बोललो नाही, आता बोलून घेतो.

कलम ४. माझी व्हॉल्व्ह फिरवायची चावी अतिक शेख याला. ही चावी ग्रामपंचायतीची नाही. मी ती पारोळ्याच्या लोहाराकडून स्वतः करून घेतली. चार फूट लांब, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. अतिक सहा वर्षे माझ्या हाताखाली आहे आणि माझ्यामागे पाणी तोच सोडणार. चावीबरोबर थोडे सांगतो.

अतिक, पाणी सहाव्या दिवशी येते. ते अर्धा तास कमी आले की माणसे चिडतात, त्यात त्यांचे चुकत नाही. कोणी तावातावाने येताना दिसला की पहिल्यांदा चावी जमिनीवर ठेवायची. पायाशी नाही, दोन हात लांब. हातात चार फुटी लोखंड असेल तर आपण कितीही गोड बोललो तरी समोरच्याला लोखंडच दिसते. मग उकिडवे बसायचे. बसलेल्या माणसावर उभ्याने फार वेळ ओरडता येत नाही. ‘शांत व्हा’ असे कधी म्हणू नये. मी म्हणून पाहिले आहे, माणूस दुप्पट चिडतो. आणि जो सगळ्यांत जास्त चिडला असेल त्याच्याकडेच प्यायला पाणी मागायचे.

तुला दोन वर्षांपूर्वीची खालची गल्ली आठवत असेल. त्याच गल्लीतल्या अमिनाबींनी नळाला मोटर लावून सगळ्यांचे पाणी ओढले, असे म्हणत धनसिंग आबा काठी घेऊन निघाले होते. त्यांच्यामागे पंधरावीस माणसे आणि समोर अमिनाबींच्या घरचे सगळे. मी चावी खाली ठेवली, आबांच्या ओट्यासमोर बसलो आणि म्हटले, आबा, तांब्याभर पाणी द्या. ते पाहतच राहिले.

“मी पानीसाठे भांडी ऱ्हायनू, अन् तू मनाकडेच पानी मांगस?”

“तुमनाच दरवाजा जवळ शे, आबा.”

पाणी नाही म्हणता येत नाही. आबा कुरकुरत आत गेले आणि तांब्या घेऊन आले. काठी आतच राहिली. मी सावकाश प्यालो. मग त्यांना म्हटले, आता पहिल्यापासून सांगा. त्यांनी सांगितले, मी मध्ये बोललो नाही. मग अमिनाबींना विचारले. त्या म्हणाल्या, मोटर नळाला नाही, हौदाला आहे, वर टाकीत पाणी चढवायला, यावे आणि पाहावे. आबा स्वतः पाहून आले. बाहेर आल्यावर हरलो असे म्हणवेना, म्हणून माझ्यावर घसरले, “तुले पानी सोडाले ठेयेल शे का पेवाले?” सगळी गल्ली हसली. अमिनाबीही हसल्या. त्या दिवशी कोणाला ओरखडाही आला नाही.

कलम ५. गावात म्हणतात, निंबाभाऊंना हे देवाने दिले. ते खरे नाही. मी ते माझ्या सख्ख्या भावाशी वागलो त्यातून शिकलो. ती गोष्ट गावाला मी अकरा वर्षे खोटी सांगितली. ती इथे खरी लिहितो.

२०१४ च्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ चंदन याच्या मुलीचे बारसे होते. तो तेव्हा वरल्या गल्लीत राहायचा, सासऱ्याच्या आधाराने पंक्चरचे दुकान चालवायचा. मी व्हॉल्व्ह बंद करायला गेलो तेव्हा तो सासऱ्यांना घेऊन आला आणि म्हणाला, “भाऊ, पंधरा मिनिटं ऱ्हाऊ दे. पाव्हना येल शेतस.” खालच्या गल्लीची माणसे तिथे उभी होती. मी भावाला जास्त पाणी देतो अशी कुजबुज आधीपासून होती. मला त्यांना दाखवायचे होते की मी कोणाचा नाही. नाही म्हणायचे तर हळू म्हणता आले असते. सासऱ्याचे खातोस म्हणून टोचत मी मोठ्याने म्हणालो, “सासरासनं खास, आते पानी बी दुसरासनं पाहिजे का तुले?”

पुढे मी गावाला सांगत आलो की चंदनने माझ्यावर हात उगारला. त्याने हात उगारला नाही. तो दोन पावले जवळ आला, एवढेच. चावी मी उचलली. ती माझ्या खांद्याच्या वर गेली आणि तिथे थांबली. चंदनने माझ्याकडे पाहिले नाही, चावीकडे पाहिले. मग सासऱ्यांचा हात धरून परत गेला. महिन्याभरात दुकान उचलून तो जळगावला पिंप्राळ्यात राहायला गेला.

आईने कानबाईच्या गव्हात त्याची मूठ घालणे सोडले नाही. रोट घराबाहेरच्याला देता येत नाही आणि टाकताही येत नाही. ती चंदनचा वाटा माझ्या ताटात वाढायची आणि म्हणायची, “त्याले तूच धाडी दिना, आते तूच खाय.” आठ श्रावण मी भावाचा वाटा खाल्ला. देवीपुढे बसून खोटे घास गिळणे किती जड जाते, ते मला माहीत आहे. आई गेली तेव्हा चंदन आला होता. तिरडीला त्याने एका बाजूने खांदा दिला, मी दुसऱ्या. बोललो नाही. पुढच्या वर्षी मी बेबाबाईला म्हटले, ती मूठ आता नको.

कलम ६. यापूर्वी केलेला कागद रद्द. गेल्या दिवाळीत छातीत पहिली कळ आली तेव्हा मी एक कागद लिहून पेटीत ठेवला होता. त्यात ‘चंदनला कळवू नये, त्याने खांदा देऊ नये’ असे होते. लिहिताना मला वाटले होते, मी त्याला ओशाळवाणे होण्यापासून वाचवतो आहे. खरे तर ओशाळवाणा मी होतो. तो कागद शुक्रवारी सकाळी चुलीत घातला.

मग चावी घेऊन पारोळ्याला गेलो आणि जळगावची गाडी धरली. कंडक्टरने चावी सीटखाली आडवी ठेवायला लावली. पिंप्राळ्यात दुकान सापडायला वेळ लागला नाही. चंदन घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे पाहत होता. केस माझ्याहून जास्त पांढरे. मी चावी जमिनीवर ठेवली, दोन हात लांब, आणि उकिडवा बसलो. म्हटले, “पेवाले पानी दे.”

त्याने मान वर केली नाही. ट्यूबकडेच पाहत विचारले, “चावी कसाले आनी?”

“खाले ठेवाले.”

तो ट्यूब फिरवत राहिला. बुडबुडे कधीच दिसले होते, तरी फिरवत राहिला. मग म्हणाला, “मी हात उगारा नही व्हता.”

“नही व्हता.”

“माले नको सांगू. गावले सांग.”

एवढे बोलून तो आत गेला आणि तांब्या घेऊन आला. गावातल्या बहुतेक घरांचे पाणी मी असे मागून प्यालो आहे. हे मात्र प्यायला मला फार वेळ लागला. चंदन उभा होता, तो हळूहळू माझ्यासमोर बसला.

काल रविवारी दुपारी कानबाईपुढे भाऊबंद, दोन्ही गल्ल्यांची माणसे, अमिनाबी आणि अतिक यांच्यासमोर मी कलम ५ मोठ्याने वाचले. चंदन पिंप्राळ्याहून आला होता, दाराशी बसून ऐकत होता.

या मृत्युपत्राने चंदनला मी काहीही देत नाही. पारोळ्याचे वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. मला तो साक्षीदार हवा होता. त्याच्या वाट्याचा रोट काल त्याने खाल्ला. मी वाढला.

ठिकाण : बोरपिंपळे
दिनांक : ४ ऑगस्ट २०२५, कानबाईच्या विसर्जनाचा दिवस

सही : निंबा उखर्डू महाजन

वरील कागद लिहून देणाऱ्याने आम्हा दोघांदेखत वाचला व सही केली.

साक्षीदार :

१. धनसिंग रामसिंग पाटील, रा. बोरपिंपळे (सायकलीचे मान्य नाही. बाकी बठ्ठं बरोबर शे.)

२. चंदन उखर्डू महाजन, रा. पिंप्राळा, जळगाव. लिहून देणाऱ्याचा सख्खा भाऊ.