गच्चीवरची रेंज

अगं,

रेंज फक्त गच्चीवर येते, ही माझी थाप होती. तू लेकीला लिहिलेला मेसेज पाठवायला म्हणून मी फोन वर न्यायचो आणि टाकीमागे बसून तुझं ऱ्हस्वदीर्घ सुधारायचो, पूर्णविराम घालायचो. चाळीस वर्षं छापखान्यात चुका शोधल्या, हात शिवशिवतात.

आत्ता तू भाजीला गेल्यावर तिचा फोन आला. रडत होती. "बाबा, आईला काय झालंय? महिनाभर तिचे मेसेज शाळेच्या नोटिशीसारखे येतायत. 'जेवलीस का छत्री नेलीस का' असं एका दमात विचारणारी माझी आई कुठे गेली?" मी म्हटलं, ठणठणीत आहे. तर म्हणते, "तुमचं काय खरं धरायचं? लहानपणी मला सांगायचात, विहिरीत मगर पाळलीय म्हणून!"

रजा टाकून ती गाडीत बसलीय. मी स्टेशनवर चाललोय, कान धरून उभा राहीन.

फोन ओट्यावर आहे. तू भाजी घेऊन आल्या आल्या तिला लिही, तुझ्या पद्धतीने. तेवढ्यानेच तिचा जीव भांड्यात पडेल. आणि पाठवण्याआधी कुणाला दाखवू नकोस, गच्चीवरच्याला तर मुळीच नाही.

तुझा थापाड्या